नवी गोळी आली म्हणे

मुकुटबनला मुख्य रस्त्यावर माझं मेडिकल आहे. गावाच्या एका अंगाला सिमेंटचा कारखाना, दुसऱ्या अंगाला कोळसा आणि उरलेल्या सगळ्या जागेत कापूस. गिऱ्हाईकही तसंच मिसळीचं. कारखान्यातले बाहेरच्या राज्यांतले कामगार, पैनगंगेपलीकडून तेलुगू बोलत येणारी माणसं, झरी-माथार्जुनकडचे कोलाम, गोंड, परधान आणि गावातले शेतकरी. बोली वेगळ्या असल्या तरी एक प्रश्न सगळ्यांचा असतो : "ताई, याच्यावर नवी गोळी आली म्हणते. ते नाही ठेवत काय तुम्ही?"

ही खबर पूर्वी कंपनीचे एमआर आणत, आता मोबाइल आणतो. मी डॉक्टर नाही. औषध ठरवणं माझं काम नाही, आणि दुकानदारानं ते करूही नये. पण चिठ्ठी लिहिली गेल्यापासून गोळी पोटात जाईपर्यंत जे काही घडतं, त्यातलं बरंचसं काउंटरवर घडतं. तिथं उभं राहून जे उमगलं ते खाली मांडलं आहे. सिकलसेलचा विषय फार येईल, कारण आमच्या भागाचा तो घरचाच आजार आहे.

१. मंजुरी मिळाली की औषधाची परीक्षा संपत नाही

आपल्याकडे २०१९ साली नवी औषधं आणि त्यांच्या माणसांवरच्या चाचण्या यांच्यासाठी नियम झाले. त्यांनुसार एखाद्या औषधाला पहिली परवानगी मिळाली की पुढची चार वर्षं ते 'नवं औषध'च धरलं जातं. पहिली दोन वर्षं कंपनीनं दर सहा महिन्यांनी आणि नंतरची दोन वर्षं वर्षातून एकदा त्याच्या सुरक्षिततेचा अहवाल सरकारला द्यायचा असतो. हे बहुतेक गिऱ्हाइकांना माहीत नसतं. त्यांना वाटतं, सरकारनं शिक्का मारला म्हणजे प्रश्न मिटला.

मंजुरीआधीच्या चाचण्यांत माणसं निवडून घेतलेली असतात. गरोदर बाई नको, किडनी बिघडलेला नको, इतर सात गोळ्या घेणारा नको. मंजुरीनंतर मात्र नेमकी हीच माणसं चिठ्ठी घेऊन दारात येतात. कापूसवाल्याला हे फार समजावून सांगावं लागत नाही. नवं बियाणं पहिल्या वर्षी कसं बोंडांनी लदबदतं आणि काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी कशी येते, ते त्यानं स्वतःच्या वावरात पाहिलेलं असतं.

मी पहिल्यांदा हे पाहिलं ते रोफेकॉक्सिबच्या वेळी. सांधेदुखीची गोळी, १९९९ साली अमेरिकेत मंजूर झालेली, पोटाला सोसते म्हणून गाजलेली. तिच्यानं हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका वाढतो असं दिसलं आणि २००४ च्या सप्टेंबरात कंपनीनं ती जगभरातून मागे घेतली. मी तेव्हा दुकानात नवखी होते. फळीवरच्या स्ट्रिपा काढून खोक्यात भरून स्टॉकिस्टकडे परत पाठवल्या. पाच वर्षं लाखो माणसं ती खात होती.

२. रिपोर्टातला आकडा वाढला, तरी माणूस बरा झाला असं होत नाही

नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत दहा-बारा दिवसांच्या आत सिकलसेलवरच्या दोन औषधांना मंजुरी मिळाली. एक क्रिझानलिझुमॅब, महिन्याला शिरेतून द्यायचं. दुसरं व्होक्सेलोटर, रोज घ्यायची गोळी. ज्या आजाराकडे औषध कंपन्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंच नव्हतं, त्याला एकाच महिन्यात दोन औषधं! इथून पुण्याला इंजिनिअरिंगला गेलेल्या एका मुलानं बापाला बातमी पाठवली, बापानं ती मला दाखवली. मुलगा स्वतः सिकलग्रस्त. "आणता येते काय मागवून?" एवढंच त्यांचं विचारणं होतं.

व्होक्सेलोटरचं काम असं : सिकलसेलच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार करतं, त्यामुळे लाल पेशी कोयत्यासारखी वाकडी होते, बारीक नसांत अडकते आणि हाडं फुटल्यासारखी वेदना उठते. हे औषध हिमोग्लोबिनला प्राणवायू धरून ठेवायला लावतं, म्हणजे दोरे कमी. चाचणीत २४ आठवड्यांनी, पूर्ण मात्रा घेणाऱ्या १०० पैकी ५१ जणांचं हिमोग्लोबिन एक ग्रॅमहून जास्त वाढलं. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १०० ला ७ होतं. या आकड्यावर अमेरिकेत त्याला झटपट मंजुरी मिळाली, आणि अट घातली गेली की खरा फायदा पुढच्या चाचण्यांत दाखवा.

वेदनेचे झटके किती कमी झाले? त्याचं उत्तर तेव्हाही धड नव्हतं. आमच्या गावात सिकलच्या पोराची आई हिमोग्लोबिन किती ते विचारत नाही. या महिन्यात किती रात्री जागाव्या लागल्या, हे ती सांगते. तिचा हिशेब मला जास्त बरोबर वाटतो.

पुढं फायझरनं ५४० कोटी डॉलरला व्होक्सेलोटर बनवणारी मूळ कंपनीच विकत घेतली. पुढच्या एका चाचणीत पक्षाघाताचा धोका जास्त असलेली लहान मुलं होती, त्यातली बरीच आफ्रिकेतली. औषध घेणाऱ्यांत ८ मृत्यू झाले, दिखाऊ गोळीवाल्यांत २. २५ सप्टेंबर २०२४ ला कंपनीनं व्होक्सेलोटर जगभरातून मागे घेतलं. क्रिझानलिझुमॅबचं त्याआधीच एक वर्ष, २०२३ मध्ये, युरोपात तसंच झालं होतं : मोठ्या चाचणीत ते दिखाऊ औषधापेक्षा सरस ठरेना, म्हणून तिथली परवानगी काढून घेतली गेली.

दोन्ही औषधं मुकुटबनपर्यंत कधी आलीच नाहीत. त्या बापाला मी तेव्हा म्हटलं होतं की डॉक्टरांना विचारा, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की आहे ती कॅप्सूल सोडू नका. ती कॅप्सूल पुढच्या मुद्द्यात.

३. काही औषधांना योग्य जागा सापडायला शंभर वर्षं लागतात

हायड्रॉक्सियुरिया हे रसायन जर्मनीत पहिल्यांदा तयार झालं १८६९ साली. गांधीजींचा जन्म झाला ते वर्ष. त्यानंतर कितीतरी दशकं त्याला कुणी औषध म्हणून विचारलंही नाही. १९६० च्या दशकात ते रक्ताच्या कर्करोगावर वापरात आलं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या सिकलसेलच्या २९९ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले : झटके जवळजवळ निम्म्यावर आले होते, आणि फायदा इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. १९९८ मध्ये सिकलसेलसाठी तिथं मंजुरी मिळाली. सिकलसेलच्या दृष्टीनं तेच खरं 'नवं औषध', वय तेव्हा १२९ वर्षं.

ते करतं काय? आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचं असतं. ते चिकटत नाही, दोरे होऊ देत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत ते कमी होत जातं. म्हणूनच सिकलचं बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं, आणि मग एक दिवस हातापायांची बोटं सुजून येतात. हायड्रॉक्सियुरिया ते बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा थोडं वाढवतं.

आता इथला भाग. सिकलसेलची मध्य भारतातली नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली ती नागपूरहून, १९५८ साली. भारतातला सिकलसेल सौम्य असतो असा एक समज बराच काळ होता, कारण इथल्या रुग्णांत हे बाळपणीचं हिमोग्लोबिन मुळात जास्त असतं. विदर्भातल्या वॉर्डांत काम करणाऱ्यांना तसं दिसत नव्हतं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या ६० मुलांवर चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आले. अमेरिकेत मात्रा सोसेल तितकी वाढवत नेतात. नागपूरकरांनी किलोला रोज फक्त १० मिलिग्रॅम एवढी ठरलेली, कमी मात्रा दिली. झटके, रक्त चढवण्याची वेळ आणि भरती होणं, तिन्ही उतरलं.

मला या चाचणीचं मोल एखाद्या परदेशी शोधापेक्षा जास्त वाटतं. कमी मात्रा म्हणजे खर्च कमी, आणि पांढऱ्या पेशी फार खाली जाण्याची भीतीही कमी. ज्या पोरांना वारंवार रक्त तपासायला नेणं शक्य नाही, त्यांच्यासाठी हा विचार कुणीतरी त्यांच्याकडे बघून केलेला आहे. आफ्रिकेत नंतर झालेल्या कामात जास्त मात्रा अधिक गुणकारी ठरली, म्हणून नागपूरचा आकडा सगळ्या जगाला लागू असं कुणी म्हणू नये. पण झरी तालुक्यातल्या पोराला न्यूयॉर्कची मात्रा जशीच्या तशी का लावायची, हा प्रश्न विचारायला कुणीतरी पाहिजेच होतं.

एक अडचण अजून आहे. सगळीकडे मिळते ती ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. १५ किलोच्या पोराला दिवसाला लागतात १५०. डॉक्टर कॅप्सूल पाण्यात कशी विरघळवायची, किती मिली पाजायचं, ते लिहून देतात. मी एवढंच बजावते की कॅप्सूल उघडताना भुकटी हाताला लावू नका, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिनं ती उघडूच नये. लहान मात्रेच्या गोळ्या आणि पातळ औषध आता निघू लागलं आहे. मला विचाराल तर सिकलसेलमधली मोठी बातमी तीच आहे, पण ती कुणी फॉरवर्ड करत नाही.

४. "हे तर कॅन्सरचं हाय"

डब्यावरचं नाव मोबाइलवर टाकलं की पहिलं उत्तर येतं : कर्करोगाचं औषध. मग घरात रडारड. एका आजीनं महिन्याच्या कॅप्सुला चुलीत टाकल्या, कारण नातवाला कॅन्सर झाल्याचं डॉक्टर लपवतात असं तिला कुणीतरी सांगितलं.

आता मी पहिल्यांदा देतानाच सांगते. याचं नाव शोधाल तर कॅन्सर दिसेल, तुमच्या पोराला कॅन्सर नाही, एक औषध दोन आजारांना चालतं. आधी सांगितलेलं समजावणं वाटतं. नंतर सांगितलेलं सारवासारव वाटतं.

हेच दुसऱ्या टोकाकडून एम्पाग्लिफ्लोझिनबाबत होतं. ती गोळी शुगरची म्हणून आली. २०१५ च्या मोठ्या चाचणीत हृदयरोग असलेल्या मधुमेहींत हृदयविकारानं होणारे मृत्यू १०० ला ३८ नं घटलेले दिसले. पुढं ती हृदय थकलेल्यांना आणि किडनी घसरलेल्यांनाही दिली जाऊ लागली, मधुमेह नसला तरी. मग निवृत्त मास्तर काउंटरवर येऊन भांडतात : "मला शुगर नाही, आणि शुगरची गोळी लिहिली. डॉक्टरची चूक झाली." चूक झालेली नसते. औषधाची जागा सरकलेली असते.

५. तपासणी हाही औषधाचाच भाग

हायड्रॉक्सियुरिया चालू असताना ठरावीक काळानं सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करावं लागतं. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार उतरल्या तर डॉक्टर कॅप्सूल काही दिवस थांबवतात. मूल व्हावं असं वाटत असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं, आणि हे नवऱ्यालाही लागू आहे. चिठ्ठीवर हे दोन ओळींत मावतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ होतो : वेचणीच्या दिवसांत एक रोज बुडवायचा, वणीला किंवा यवतमाळला जायचं, रिपोर्ट संध्याकाळी मिळणार म्हणून थांबायचं किंवा पुन्हा यायचं.

सिकलसेलच्या रुग्णाला एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार आहे, आणि १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय मिशन सुरू झालं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. हे सगळं चांगलंच आहे. पण तपासणी म्हणजे आजार शोधण्याची तपासणी. औषध सुरू झाल्यावरची, महिन्यामहिन्याची तपासणी गावाजवळ झाली नाही, तर दोनतीन महिन्यांत कॅप्सूल बंद पडते. सरकारी केंद्रातून फुकट मिळत असली तरी पडते. मी पाहिलेल्या बहुतेक बंद पडलेल्या औषधांचं कारण किंमत नव्हतंच.

६. इशाऱ्यासह आलेलं औषधही पहिल्या पंगतीला बसू शकतं

व्होक्सेलोटरची गोष्ट ऐकून काही जण म्हणतात, मग नवं औषध नकोच. त्यांना मी बेडाक्विलिनचं सांगते.

क्षयरोगावर चाळीसहून जास्त वर्षांनी नव्या पद्धतीनं काम करणारं औषध आलं ते हे, २०१२ च्या डिसेंबरात. आलं तेच काळ्या चौकटीतल्या इशाऱ्यासह. मंजुरीच्या चाचणीत औषध घेतलेल्या ७९ पैकी १० जण दगावले होते, न घेतलेल्या ८१ पैकी २. शिवाय ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं, म्हणून ईसीजी काढत राहायचं. पण ते मृत्यू औषधानंच झाले असं काही सिद्ध होत नव्हतं, आणि औषधाला दाद न देणाऱ्या टीबीला दुसरा चांगला उपायही नव्हता. जुना उपचार दीड-दोन वर्षांचा. रोज कानामायसिनसारखी इंजेक्शनं, आणि त्यानं बहिरेपण.

भारतात २०१६ साली सहा केंद्रांवर ते मोजूनमापून देणं सुरू झालं. किती मोजून? पाटण्याच्या एका मुलीला दिल्लीत ते मिळेना, तेव्हा वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. सावधगिरी आणि अडवणूक यांच्यातलं अंतर किती थोडं असतं ते त्या प्रकरणात दिसलं.

दरम्यान जगभरच्या रुग्णांचे आकडे जमत गेले, आणि ते चांगले होते. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बेडाक्विलिन पहिल्या गटात बसवलं आणि कानामायसिन यादीतून काढलं. इंजेक्शनांनी श्रवणशक्ती गमावलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांच्यासह या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवण्याला हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असा चार औषधांचा, सहा महिन्यांचा, फक्त गोळ्यांचा उपचार स्वीकारला.

हे औषध माझ्याकडे मिळत नाही, ते सरकारी कार्यक्रमातूनच मिळतं, आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं. मेडिकलवाल्यानं असं म्हणणं धंद्याला धरून नाही, पण उघड्यावर विकून जुनी टीबीची औषधं आपण कशी बोथट केली ते या धंद्यातल्यांनीच पाहिलं आहे. माझ्याकडे येतात ते या उपचारात पायाला मुंग्या आल्या म्हणून बी-कॉम्प्लेक्स मागायला. मुंग्या लिनेझोलिडनं येतात. मी गोळी न देता टीबीच्या कार्यकर्त्याला फोन लावून देते, कारण डोळ्यांवरही परिणाम होऊ शकतो आणि मात्रा डॉक्टरांनीच बदलावी लागते.

७. पेटंट कधी संपतं तेही विचारावं

वर सांगितलेली एम्पाग्लिफ्लोझिन साठेक रुपयांना एक होती. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपलं आणि काही आठवड्यांत तीच गोळी दहा रुपयांच्या आसपास, काही कंपन्यांची त्याहून खाली. सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये असंच झालं. साठ रुपयांची असताना मुकुटबनमध्ये एम्पाग्लिफ्लोझिन घेणारे कारखान्यातले अधिकारी आणि दोघंतिघं निवृत्त शिक्षक. आता पानटपरीवाला घेतो. मंजुरी मिळाली ते साल कंपनीच्या कागदावर. आमच्याकडे औषध 'आलं' ते पेटंट संपल्यावर.

त्याचबरोबर पन्नास नावं आली. रंगीत डब्यांवर ब्रँड मोठ्या अक्षरांत, खरं नाव बारीक. एक माणूस दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांवर एकच औषध दोन नावांनी घेत होता. खालचं बारीक नाव वाचायला मी आता सगळ्यांना शिकवते, दहावी नापास पोरांनाही ते जमतं.

८. चाचणी कोणत्या हवेत झाली?

हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, उन्हाळ्यानं शिकवलं. एम्पाग्लिफ्लोझिन जातीच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, साखरेबरोबर पाणीही जातं. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा ४५ च्या पुढं जातो, आणि त्याच दिवसांत लोक पहाटेपासून तेंदूपत्ता तोडतात. पाणी थोडं, घाम भरपूर, वर ही गोळी. चक्कर येऊन पडलेले, लघवीला आग होते म्हणून आलेले, उन्हाळ्यात हमखास. जुलाब-उलट्या झाल्या, जेवण बंद झालं, तर ही गोळी थांबवायची का हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारायचं असतं, कारण शुगर फार वाढलेली न दिसताही रक्तात आम्ल साचू शकतं. मी मार्च लागला की या गोळीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हे ऐकवते. लोक कंटाळतात.

९. फ्रिज

वजन आणि शुगरची इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड आणि २०२५ च्या मार्चात भारतात आलेलं टिर्झेपॅटाइड, यांची विचारणा आता इथंही होते, जास्त करून कारखान्याच्या कॉलनीतून. न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत ठेवायची. वीज जाते तेव्हा फ्रिज किती वेळ थंड राहतो ते आधी पाहा, मग इंजेक्शन घ्या. एवढंच.

१०. त्रास झाला तर नोंदवावा

औषधानं त्रास झाला तर गावात ते सगळ्यांना कळतं, ज्यांना कळायला हवं ते सोडून. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे देशभरच्या अशा नोंदी जमतात. १८००-१८०-३०२४ या फुकट नंबरवर रुग्ण स्वतः सांगू शकतो, डॉक्टरांचीच सही हवी असं नाही. औषध नवं असेल तर जास्तच सांगावं. "आपल्या एकट्याच्या सांगण्यानं काय होते?" असं लोक विचारतात. व्होक्सेलोटर मागे गेलं ते आठ आणि दोन यांच्यातल्या फरकानं.

११. सगळ्यांत नवं औषध आणि सगळ्यांत जुनं औषध एकाच गोष्टीच्या मागे आहेत

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि ८ डिसेंबरला अमेरिकेनं सिकलसेलवरच्या जनुक-संपादनाच्या उपचाराला मंजुरी दिली. नाव कॅसजेव्ही. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं अठरा कोटींच्या घरात. ज्यांचा निकाल लागला अशा ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर एकही मोठा झटका आला नाही. हे साधं यश नव्हे.

ते कसं होतं? रुग्णाच्या शरीरातून रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी काढतात, त्यांतलं एक जनुक कापतात, केमोथेरपीनं हाडातला मगज रिकामा करतात आणि त्या पेशी परत सोडतात. कापलेलं जनुक काय करत होतं? बाळपणीचं हिमोग्लोबिन दाबून ठेवत होतं. म्हणजे अठरा कोटींचा उपचार करतो ते काम आणि नातवाची चुलीत गेलेली कॅप्सूल करते ते काम, दोन्हींचा रोख एकच : बाळाचं हिमोग्लोबिन परत आणायचं. एक कायमचं आणतं, दुसरी रोज थोडंथोडं. मला हे कळलं त्या दिवशी त्या कॅप्सुलीबद्दलचा माझा आदर वाढला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेनं विकसित केलेला, बिरसा मुंडांच्या नावाचा 'बिरसा १०१' हा देशी जनुक-संपादनाचा उपचार जाहीर झाला, आणि तो पुढं नेण्यासाठी सीरम इन्स्टिट्यूट सोबत आहे. जाहीर होणं आणि मंजूर होणं यांत अंतर आहे, आणि मंजूर होणं व नागपूरच्या वॉर्डात पोचणं यांत आणखी. केमोथेरपी, आठवडेच्या आठवडे दवाखान्यात राहणं, पुढं मूल होण्यात अडचण येण्याची शक्यता, हे स्वस्त झालं तरी राहणारच. पण यंत्रणेनं हे घडवायचं ठरवलं तर एका गोष्टीबद्दल माझं मत पक्कं आहे : ज्यांच्या तपासण्यांच्या फायली वर्षानुवर्षांच्या आहेत त्यांच्यापुरतं हे राहू नये. तसं झालं तर शहरातलेच पुढं जातील.

बातमी आली तशी दुसऱ्याच आठवड्यात एक बाई दोन लेकरं घेऊन दुकानात आली. थोरला सिकलग्रस्त, धाकटी वाहक. "ताई, बिरसाच्या नावाचं औषध आलं म्हणे. फारम कुठं भरावं लागते?" मी म्हटलं, फॉर्म अजून निघालेला नाही, निघाला की कळवते. "मंग हे कॅप्सूल बंद कराव काय तवरिक?" नाही, अजिबात नाही, म्हटलं, आणि याचं सीबीसी कधी केलं होतं? दिवाळीच्या आधी, म्हणाली. मी कॅलेंडर दाखवलं. तिनं हिशेब केला. "मंगळवारी वणीले कापसाची गाडी जाते आमच्या घरून, तिच्यातच नेतो याले. रिपोर्टचे पैसे लागते काय तिथं?"

सरकारी दवाखान्यात नाही लागत, म्हटलं. पण कार्ड घेऊन जा.